जुनी मारुती 800 घरच्या घरी इलेक्ट्रिक करता येते का? खर्च, बॅटरी आणि आरटीओचे नियम. इंजिन उतरवण्याआधी हे वाचा

गावात एक तरी जुनी मारुती 800 असतेच. कुणाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली, कुणाच्या दारात चिंचेखाली. पत्रा अजून धड, गिअरबॉक्स चांगला, पण इंजिन ऑइल खातंय आणि पेट्रोलचा भाव परवडत नाही. त्यात मोबाइलवर व्हिडिओ येतात: कुणीतरी इंजिन काढून मोटर बसवली, बॅटऱ्या टाकल्या आणि गाडी आवाज न करता अंगणातून निघाली. मग प्रश्न पडतो, हे आपल्यालाही जमेल का?

जमतं. गाडी हलवण्यापुरतं काम तालुक्याच्या गावातला चांगला मेकॅनिक, लेथवाला आणि मोटर रिवाइंडिंगवाला असे तिघं मिळून करू शकतात. पण गाडी हलणं वेगळं, रस्त्यावर कायदेशीर आणि सुरक्षित चालणं वेगळं. पैसे बुडतात ते बहुतेक या दुसऱ्या भागात. म्हणून पाना हातात घेण्याआधी कागद, अंतर आणि बॅटरी या तीन गोष्टींचा हिशोब आधी करावा लागतो. मोटरचा नंबर त्यानंतर.

मारुती 800 च का?

1983 च्या डिसेंबरात ही गाडी बाजारात आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. देशात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, आणि वजन साधारण 650 किलो. इलेक्ट्रिकसाठी हे वजनच महत्त्वाचं. गाडी जितकी हलकी, तितकी बॅटरी कमी लागते, आणि सगळ्यात जास्त पैसे बॅटरीतच जातात.

पॉवर स्टिअरिंग नाही, इलेक्ट्रॉनिक भानगड कमी, ॲक्सिलरेटरला साधी केबल. जुन्या गाडीचा हा साधेपणा इथे कामाला येतो. नव्या गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर काढला की अर्धा डॅशबोर्ड रुसून बसतो, ती कटकट इथे नाही.

ताकद किती लागते? शेतातल्या पंपाच्या भाषेत

शेतातला 5 एचपीचा पंप म्हणजे 3.7 किलोवॅट. दोन माणसं बसलेली मारुती 800 सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने पळवायला चाकांवर साधारण साडेतीन किलोवॅट लागतात. म्हणजे एका पंपाइतकी ताकद. ताशी 40 ला तर दीड-पावणेदोन किलोवॅटमध्ये भागतं. हा आकडा ऐकून अनेकांना खरं वाटत नाही, कारण इंजिनवर 37 एचपी लिहिलेलं असतं.

खरी परीक्षा चढावर. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची चढणारा घाट ताशी 40 ने चढायचा तर आठ किलोवॅटच्या वर लागतात, म्हणजे दोन पंपांहून जास्त. त्यावर उचल घ्यायला, ओव्हरटेक करायला थोडी शिल्लक हवी. म्हणून अशा गाडीला सलग 8 ते 10 किलोवॅट आणि थोडा वेळ 15 किलोवॅटपर्यंत देणारी मोटर लागते. ई-रिक्षाची एक-दीड किलोवॅटची मोटर बसवून काढलेले व्हिडिओ सपाट अंगणातलेच का असतात, ते यावरून कळेल.

मोटर बीएलडीसी असो, कायम चुंबकाची सिंक्रोनस असो की एसी इंडक्शन, तिन्ही चालतात. मात्र पंपाची तीन फेजची मोटर उचलून गाडीत बसवता येत नाही. ती 415 व्होल्टवर आणि एका ठरावीक वेगाने फिरण्यासाठी गुंडाळलेली असते. गाडीला शून्यापासून जोर लागतो, वेग सतत बदलतो, आणि त्यासाठी मोटरला जुळणारा कंट्रोलर लागतो.

बॅटरी: निम्मा पैसा इथेच

विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास. बॅटरीही युनिटमध्येच मोजावी, नगात नाही. 96 व्होल्ट आणि 100 अँपिअर-अवर म्हणजे 9.6 युनिट. बेंगळुरूहून 2001 मध्ये बाजारात आलेल्या रेवा या छोट्या इलेक्ट्रिक गाडीतही एवढीच साठवण होती: 6 व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, 48 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर. कंपनी एका चार्जिंगला 80 किलोमीटर सांगायची.

मारुती 800 इलेक्ट्रिक झाल्यावर किलोमीटरमागे साधारण एक दशांश युनिट खाते. 9.6 युनिटमधले ऐंशी टक्केच वापरायचे धरले तर सपाट रस्त्यावर 75 किलोमीटरच्या आसपास जाता येतं. चार माणसं, घाट, पावसातला चिखल असं सगळं आलं की हाच आकडा 50-60 वर येतो. गंमत अशी की एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे एवढी मोठी बॅटरी जेमतेम एक लिटर पेट्रोलच्या बरोबरीची. तरी गाडी पाच पट लांब जाते, कारण पेट्रोल इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं.

आता कुठली बॅटरी? घरात इन्व्हर्टर असल्यामुळे लोकांचं लक्ष आधी लेड-ॲसिडकडे जातं. स्वस्त आहे, तालुक्यात मिळते. पण हिशोब वेगळं सांगतो. 12 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची एक बॅटरी 30 किलोच्या आसपास. 96 व्होल्टसाठी आठ लागतात, म्हणजे 240 किलो. पेट्रोल इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी काढून कमी होतात साधारण शंभर किलो. मोटर, कंट्रोलर, पेट्या धरून गाडी दोनशे किलोने जड होते. मारुती 800 चं माणसांसकट कमाल वजन हजार किलोच्या आसपास धरलेलं आहे. 650 अधिक 200 अधिक चार माणसांचे 260, झाले 1110. स्प्रिंग, ब्रेक, टायर सगळं मर्यादेबाहेर. शिवाय लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर दीड-दोन वर्षांत बसते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी तर एकदम मोठा करंट ओढण्यासाठी बनवलेलीच नसते.

लिथियम फॉस्फेट, म्हणजे दुकानदार ज्याला एलएफपी म्हणतात, त्याचा एक सेल 3.2 व्होल्टचा. असे 30 सेल एका माळेत जोडले की 96 व्होल्ट. 100 अँपिअर-अवरचा सेल सुमारे 2 किलो, म्हणजे सगळे मिळून 60 किलो, पेटी-पट्ट्या धरून 90. वरचाच हिशोब केला तर चार माणसांसकट गाडी हजार किलोच्या आत बसते. सुरुवातीचा खर्च जास्त, पण दोन हजारांच्या आसपास चार्जिंग सहज देते.

या सेलना एक पथ्य असतं. चार्ज होताना एकही सेल 3.65 व्होल्टच्या वर जाता कामा नये आणि वापरताना 2.5 च्या खाली उतरता कामा नये. तीस सेलमधला एक जरी कमजोर निघाला तरी बेरीज बरोबर दिसते आणि आत तो एकटा मरत असतो. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं बीएमएस म्हणूनच लागतं. बीएमएस शिवाय लिथियम बॅटरी वापरणं म्हणजे कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून गॅस मोठा ठेवणं. भंगारातल्या स्कूटरचे सेल गोळा करून पॅक बांधून देणारे बाजारात आहेत. स्वस्तात मिळतं, पण वेगवेगळ्या वयाचे सेल एका माळेत घातले की बीएमएस सुद्धा किती सांभाळणार?

मोटर गिअरबॉक्सला कशी बसते?

बहुतेक जण मूळ गिअरबॉक्स ठेवतात, आणि ते शहाणपणाचं आहे. इंजिन उतरवलं की गिअरबॉक्सचं तोंड उघडं पडतं. तिथे 10-12 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट कापून एका बाजूला गिअरबॉक्सची भोकं, दुसऱ्या बाजूला मोटरची भोकं पाडतात. मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट जोडायला जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग कापून कपलिंग करतात.

लेथवाल्याचं कसब इथे लागतं. दोन्ही शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. डोळ्याला न दिसणारा फरक राहिला तरी गाडी आधी घोंघावते, मग बेअरिंग जातं, आणि शेवटी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट. डायल गेज लावून न मोजता वेल्डिंग मारणाऱ्याकडे हे काम देऊ नये. मोटरचा दुसरा टोकाचा भार रबरी बुशवर घ्यावा लागतो, नुसती प्लेट तो पेलत नाही.

क्लच ठेवायचा की काढायचा यावर मेकॅनिक लोकांत दोन तट आहेत. काढला तर सोपं पडतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून गावात आणि तिसऱ्यात रस्त्यावर चालते, मोटर बंद पडत नसल्यामुळे क्लच दाबावा लागत नाही. रिव्हर्स गिअरबॉक्सचाच वापरावा. कंट्रोलरमधला रिव्हर्स आणि गिअरचा रिव्हर्स दोन्ही एकदम लागले की गाडी पुढे पळते!

इंजिनसोबत आणखी काही गोष्टी जातात, त्या लोक विसरतात. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याला लागणारी हवेची ओढ इंजिन देत होतं, आता वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. तो न बसवता ब्रेक दाबला तर पाय लाकडावर ठेवल्यासारखा लागतो. अल्टरनेटर गेला, म्हणून दिवे, हॉर्न, वायपरसाठी मोठ्या बॅटरीतून 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हवा. एसीचं तर नावच घेऊ नये. चालवायचा तर वेगळा कॉम्प्रेसर, वेगळा खर्च, आणि अंतर कमी.

96 व्होल्ट डीसी: पंपाच्या स्टार्टरपेक्षा वेगळं प्रकरण

60 व्होल्टच्या वरचा डीसी गाड्यांच्या नियमात जास्त व्होल्टेजचा धरला जातो आणि त्याच्या केबलचं आवरण नारिंगी असावं लागतं. कारण आहे. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, ती ओढली जाते. म्हणून घरचा एमसीबी किंवा पंपाचा किटकॅट फ्यूज इथे चालत नाही. डीसीसाठीच बनवलेला फ्यूज, डीसी कॉन्टॅक्टर आणि ड्रायव्हरच्या हाताला येईल असा लाल तातडीचा स्विच, ही तीन कामं टाळून चालत नाहीत.

चढावर 90-100 अँपिअर सहज वाहतात. ढिल्या लगने तिथे आधी ताप, मग आग. लग हातोडीने न ठोकता हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबाव्यात. काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवावं. दोन टोकांवर पाना पडला तर तो पाना वेल्डिंग रॉडसारखा जळतो.

बॅटरीच्या पेट्या चासीला बोल्टने धरलेल्या हव्यात, सीटखाली नुसत्या ठेवलेल्या नकोत. सगळा भार मागे टाकला तर पुढची चाकं हलकी होतात, आणि या गाडीला ओढतात ती पुढचीच चाकं. म्हणून निम्मे सेल पुढे इंजिनच्या जागी आणि निम्मे मागे ठेवतात. ओढ्याच्या फरशीवरून गाडी नेणाऱ्यांनी पेटीची उंची पावसाळा डोळ्यासमोर ठेवूनच ठरवावी.

चार्जिंग: कुठल्या मीटरवर?

16 अँपिअरच्या जाड पिनच्या सॉकेटवर साधारण तीन किलोवॅट मिळतात. रिकामी बॅटरी साडेतीन-चार तासांत भरते. पण खेड्यातल्या अनेक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो, आणि अर्थिंग म्हणजे कुठेतरी ठोकलेली सळई. आधी महावितरणकडे भार वाढवून घ्यावा, खड्डा करून नीट अर्थिंग करावं, आरसीसीबी बसवावा.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करायचा मोह अनेकांना होतो. वीज ज्या कामासाठी मंजूर आहे त्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर ठरतो. भरारी पथक आलं तर आकारणी महागात पडते.

जागाही बघावी. कडब्याची गंज, ओसरीतला एकुलता एक दरवाजा, झोपायची खोली यांच्याजवळ चार्जिंग नको. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेली गाडी लगेच लावू नये, संध्याकाळी सावलीत गार होऊ द्यावी. बॅटरीतून धूर दिसला तर काही वाचवायला जाऊ नये. माणसं, जनावरं लांब न्यावीत आणि 112 ला फोन करावा.

आरटीओ काय म्हणतं?

घरी केलेल्या बदलाचं घोडं अडतं ते इथे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक करायला परवानगी आहे, पण ती मान्यताप्राप्त किट बसवून. किटची तपासणी एआयएस-123 या मानकाप्रमाणे होते. पुण्यातली एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा सरकारमान्य संस्था ती करतात. मान्यता किटला आणि त्या-त्या गाडीच्या मॉडेलला मिळते, आणि बसवायचं कामही अधिकृत केंद्रातच व्हावं लागतं. म्हणजे गावच्या गॅरेजात, सुटे भाग गोळा करून केलेली गाडी कितीही सुबक झाली तरी आरसीवर चढत नाही.

विनापरवानगी बदल केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 182अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. कागदावर पेट्रोल, प्रत्यक्षात बॅटरी, आणि वाटेत कुणाला धडक बसली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई जमीन विकून द्यायची वेळ येते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली किक मारून सुरू होणारी चारचाकी अनेकांना आठवत असेल. आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्याच वेळी सांगितलं. 2022 च्या जानेवारीत त्या गाडीच्या बदल्यात कारागिराला बोलेरो मिळाली. सगळ्यांना बोलेरो मिळत नाही.

“आपण फक्त शेतात वापरू” असंही म्हटलं जातं. स्वतःच्या कुंपणाच्या आत वापरायला तशी अडचण येत नाही. पण लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही वाट कायद्याने सार्वजनिक जागा धरली जाते, मग ती डांबरी असो की पाणंद. घर ते मळा मधे शिवरस्ता ओलांडावा लागत असेल तर ती सबब चालत नाही.

मान्यताप्राप्त मार्गाने जायचं असेल तर आधी आरसीची मुदत बघावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपली असेल तर आधी ते उरकावं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र लागतं. हैदराबादची ई-ट्रिओ, पुण्याची नॉर्थवे मोटरस्पोर्ट यांसारख्या कंपन्यांनी छोट्या गाड्यांच्या किटवर काम केलं आहे. नाव कुठलंही असो, आपल्याच मॉडेलसाठीचं आणि आज चालू असलेलं मान्यतापत्र हातात घ्यावं, त्याची प्रत घेऊन आरटीओत विचारावं, आणि तिथून होकार आला तरच इसार द्यावा. “आरटीओचं आम्ही बघून घेऊ” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. किट बसल्यावर बदलाची माहिती चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. आरसीवर इंधनाच्या रकान्यात नोंद बदलते, नंबरप्लेट हिरवी होते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं.

परवडतं कुणाला?

मान्यताप्राप्त किटचा खर्च छोट्या गाडीला बॅटरीसकट चार लाखांच्या आसपास धरून चालावं. पेट्रोल 105 रुपये आणि जुन्या गाडीचं ॲव्हरेज 15 धरलं तर किलोमीटरला 7 रुपये. विजेवर चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला युनिटचा आठवा हिस्सा. गाडीमुळे महिन्याला 150 युनिट वाढले की घरचं बिल वरच्या टप्प्यात जातं, म्हणून युनिट 12 रुपये धरलेलं बरं. किलोमीटर पडतं दीड रुपयाला. बचत साडेपाच.

रोज 40 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस चालणाऱ्या शिक्षकाचे किंवा दूध संकलनवाल्याचे वर्षाला 66,000 वाचतात. चार लाख सहा वर्षांत वसूल. रोज 15 किलोमीटरच जाणाऱ्याचे 25,000 सुद्धा वाचत नाहीत आणि वसुलीला सोळा वर्षं लागतात. तोवर मारुतीचा पत्राच राहायचा नाही. नवी छोटी इलेक्ट्रिक गाडी सात-आठ लाखांच्या घरात सुरू होते, तिला वॉरंटी असते, हेही विसरू नये. ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांचं गणित बरंच सुधारतं: 3 किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दहा-बारा युनिट देतं, गाडीला 40 किलोमीटरसाठी लागतात पाच.

हात शिवशिवत असलेल्या पोरांसाठी एक मधला मार्ग आहे. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या आवारात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, नोंदणी रद्द केलेल्या गाडीवर 48 व्होल्टचा प्रयोग करायचा. व्होल्टेज 60 च्या आत राहतं, गाडी आवाराबाहेर जात नाही, आणि कपलिंग, बीएमएस, कंट्रोलर हे सगळं हाताखालून जातं. ईव्ही दुरुस्तीचं काम येत्या काळात तालुक्यालाही लागणारच आहे.

आणि किट बसवायचं ठरलंच, तर उतरवलेलं जुनं इंजिन लगेच भंगारात घालू नये. त्याचा नंबर आरसीवर असतो. नोंद बदलून नवी आरसी हातात येईपर्यंत ते झाकून ठेवावं, आणि विकताना कुणाला दिलं याची पावती करून घ्यावी.